हिवाळी सत्र, परभाषा आणि अहेरीची शाळा

(१)

परदेशी विद्यापीठात एक हिवाळी सत्र काढून परत येणारा विनिमय-विद्यार्थी हा आता विद्यापीठीय जीवनातील परिचित घटक झाला आहे. त्याच्या अनुभवाची चर्चा बहुधा प्रवास, थंडी, भोजन आणि खर्च ह्या चार गोष्टींभोवती फिरते. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मात्र ह्या सत्राचे महत्त्व निराळे आहे. एका भाषेत वाढलेली आणि विचार करणारी व्यक्ती ठराविक काळासाठी दुसऱ्या भाषेत नेऊन ठेवली, तर तिच्या बोलण्यात, शिकण्यात आणि आत्मविश्वासात कोणते बदल घडतात, ह्याचा तो जवळजवळ प्रयोगशाळेतील प्रयोगच होय. ह्या प्रयोगातून गेल्या सत्तर वर्षांत जे ज्ञान हाती आले, ते अहेरीसारख्या बहुभाषिक प्रदेशातील शाळेला कितपत लावून पाहता येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम 'विनिमय' ह्या शब्दाचा अर्थ निश्चित करणे अगत्याचे आहे. उच्च शिक्षणासाठी केलेले परदेशगमन आणि विद्यार्थी-विनिमय ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्यात विद्यार्थी एका विद्यापीठाचा संबंध सोडून दुसऱ्याचा होतो. दुसऱ्यात तो मूळ विद्यापीठाचाच राहतो आणि ठरलेल्या मुदतीपुरता यजमान विद्यापीठात शिकतो. युरोपात १९८७ साली सुरू झालेल्या 'इरॅस्मस' योजनेने ह्या पद्धतीला व्यवस्थित रूप दिले. विद्यार्थी आपले शुल्क स्वतःच्या विद्यापीठात भरतो. यजमान विद्यापीठ ते पुन्हा घेत नाही. कोणते विषय शिकावयाचे ह्याचा करार निघण्यापूर्वीच होतो. एका पूर्ण सत्राचे काम तीस श्रेयांकांचे धरले जाते आणि परतल्यावर ते मूळ पदवीत मोजले जाते.

हिवाळी सत्राची कालगणनाही ध्यानात घेण्याजोगी आहे. जर्मनीतील बहुतेक विद्यापीठांत ते १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. प्रत्यक्ष व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात; मध्ये नाताळची सुटी पडते. म्हणजे सहा महिन्यांच्या सत्रात अध्यापनाचे आठवडे चौदा-पंधराच भरतात. डिसेंबरात बर्लिनला दुपारचे चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. उन्हाळी सत्रात विद्यार्थ्याला रस्त्यावर, उद्यानात, नदीकाठी जी सहज संभाषणे लाभतात, ती हिवाळ्यात दुर्मिळ होतात. त्याचा भाषिक संसार वर्ग, ग्रंथालय, वसतिगृह आणि सामायिक स्वयंपाकघर एवढ्यातच सामावतो. भाषा शिकण्याची संधी किती मिळते हे केवळ देशावर अवलंबून नसते. त्या देशात कोण आपल्याशी बोलते आणि किती वेळ बोलते ह्यावर ते अवलंबून असते. हा मुद्दा पुढे अहेरीच्या संदर्भात पुन्हा उपयोगी पडेल.

(२)

मराठी विद्यार्थी जर्मन भाषेच्या प्रदेशात जातो तेव्हा त्याची पाटी कोरी नसते. मराठीत तीन लिंगे आहेत, जर्मनमध्येही तीन आहेत. 'मुलगी' ह्या अर्थाचा नेहमीचा जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे हे ऐकून इंग्रजी भाषकाला हसू येते. 'ते पोरगे' असे सहज म्हणणाऱ्या मराठी भाषकाला त्यात विशेष नवल वाटण्याचे कारण नाही. जर्मनमध्ये एकवीस ही संख्या 'एक आणि वीस' अशा क्रमाने उच्चारतात. मराठीतील 'एकवीस'मध्येही एकक आधी आणि दशक नंतर असा क्रम आहे. जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते. मराठीत ते स्वभावतःच शेवटी असते. जर्मनमधील 'डू' आणि 'झी' हा संबोधनातील भेद 'तू' आणि 'तुम्ही' ह्यांच्या वापरात वाढलेल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागत नाही.

उलट काही अडचणी मराठीमुळेच निर्माण होतात. जर्मन शब्दाच्या अंती लिहिलेला 'ग' बोलताना 'क'सारखा ऐकू येतो आणि 'ड' हा 'ट'सारखा. अक्षर आणि उच्चार ह्यांचे घट्ट नाते गृहीत धरणाऱ्या मराठी वाचकाला हे प्रथम जाणवतच नाही. म्हणजे मातृभाषा ही परभाषेच्या वाटेवर कधी दिवा असते, तर कधी उंबरठा. कोठे दिवा आणि कोठे उंबरठा हे दोन्ही भाषांची तुलना केल्याशिवाय सांगता येत नाही. चांगला परभाषाशिक्षक ही तुलना मनाशी करूनच वर्गात उभा राहतो.

विद्यार्थ्याच्या चुकांकडे पाहण्याची दृष्टी ह्याच अभ्यासातून बदलली. लॅरी सेलिंकर ह्यांनी १९७२ साली 'आंतरभाषा' ही संकल्पना मांडली. शिकणाऱ्याचे बोलणे म्हणजे परभाषेची मोडतोड नव्हे. मातृभाषा आणि परभाषा ह्यांच्या मध्ये उभी असलेली, स्वतःचे नियम पाळणारी ती एक तात्पुरती व्यवस्था आहे, असा ह्या मताचा आशय. त्यानुसार चूक हा शिक्षेचा विषय राहत नाही. विद्यार्थी कोठवर आला आहे हे सांगणारा तो पुरावा ठरतो.

परदेशातील मुक्कामाचा लाभ खरोखर होतो काय, ह्या प्रश्नाचे उत्तर जॉन कॅरल ह्यांनी १९६७ साली अमेरिकेतील पदवी-विद्यार्थ्यांच्या पाहणीतून दिले. परभाषा हा मुख्य विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांत ज्यांनी त्या भाषेच्या देशात काही काळ काढला होता, त्यांचे प्राविण्य इतरांहून ठळकपणे अधिक आढळले. परंतु ह्या लाभाची किंमत मानसिक असते. नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड ह्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास ह्या बाबतीत आजही उद्धृत केला जातो. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन आलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियनांची त्यांनी चौकशी केली. सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि अठरा महिन्यांहून अधिक राहिलेले लोक तेथे बऱ्यापैकी रुळलेले आढळले. सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना मात्र एकाकीपणा अधिक जाणवला होता. आरंभीचा उत्साह, मग उतार आणि नंतर पुन्हा चढ, असा हा आलेख आहे. सर्वच विद्यार्थी त्याच वाटेने जातात असे पुढील संशोधनाने मानले नाही. तथापि नवलाई संपल्यावर अडचणींचा काळ येतो, ही गोष्ट बहुतेकांच्या अनुभवास येते.

ह्यातील एक निष्कर्ष सहसा कोणी काढीत नाही. हिवाळी सत्र सहा महिन्यांचे असते. म्हणजे आलेखातील उतार जेथे सुरू व्हावयाचा, नेमका तेथेच विनिमय-विद्यार्थी सामान बांधून घरी निघतो. त्याच्या अनुभवकथनात गोडी अधिक आणि कडवटपणा कमी असण्याचे एक कारण ह्या कालमर्यादेत आहे.

(३)

महाराष्ट्रात ह्या देवाणघेवाणीची परंपरा लहान नाही. भारत आणि अमेरिका ह्यांच्यातील फुलब्राइट करार १९५० साली झाला. त्यानंतर काही वर्षांतच, १९५४ साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साह्याने भाषाविज्ञानाचा एक मोठा प्रकल्प सुरू झाला. हिवाळी आणि उन्हाळी वर्ग भरविण्यात आले. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ येथे आले आणि येथील तरुण अभ्यासक तिकडे गेले. विल्यम ब्राइट, जॉन गंपर्झ ह्यांसारख्या संशोधकांचा भारतीय भाषांशी संबंध त्याच दशकात दृढ झाला. अशोक केळकर ह्यांनी कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिविचारावर आणि रूपविचारावर प्रबंध लिहून १९५८ साली डॉक्टरेट मिळविली. मराठी भाषकाने मराठीचे वर्णन करण्याची नवी पद्धत परदेशी शिकून घ्यावी आणि ती परत आणून आयुष्यभर मराठीसाठी वापरावी, ह्यात विनिमयाचे सार आहे.

ह्या विनिमयात दुसऱ्या बाजूलाही काही मिळाले. गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन ह्यांनी सांगलीजवळच्या कुपवाड गावाचा अभ्यास करून १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. तेथे मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारी कुटुंबे शतकानुशतके एकत्र नांदत आली. त्यांच्या भाषांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यरचना एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की एका भाषेतील वाक्य दुसरीत नेताना शब्दाला शब्द ठेवला तरी काम भागावे. भाषासंपर्काच्या जगभरच्या अभ्यासात कुपवाडचे नाव आज आवर्जून घेतले जाते. ते शिकविले महाराष्ट्रातील गावाने आणि शिकले परदेशी अभ्यासकांनी.

अमेरिकेतील मध्यपश्चिम प्रदेशातील महाविद्यालयांच्या संघाने पुण्यात अनेक वर्षे चालविलेला भारत-अभ्यासक्रम हे आणखी एक उदाहरण. ह्या अभ्यासक्रमाशी दलित चळवळीच्या इतिहासकार एलिनॉर झेलियट आणि भाषाभ्यासक मॅक्सीन बर्नसन ह्यांचा निकटचा संबंध होता. विद्यार्थ्यांना मराठी शिकविली जाई, त्यांची राहण्याची सोय मराठी कुटुंबांत केली जाई आणि त्यांनी पुण्यात केलेले काम त्यांच्या पदवीत मोजले जाई. बर्नसन ह्यांनी फलटणच्या बोलीतील सामाजिक भेदांवर संशोधन केले, जई निंबकर ह्यांच्यासह परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके तयार केली आणि पुढे फलटण हेच आपले घर मानून तेथे शिक्षणकार्य उभारले. परभाषकाला मराठी शिकविताना नेमके काय समजावून सांगावे लागते, हे मराठी माणसांना ह्या पुस्तकांमुळे कळले.

ह्याहून जुने एक उदाहरणही येथे नोंदविले पाहिजे. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि १९३० साली डॉक्टरेट घेऊन परतल्या. त्यांचा विषय मानवी कवटीची असमरूपता हा होता. वंशभेदाच्या तत्कालीन जर्मन कल्पनांना अनुकूल असा निष्कर्ष त्यांच्या मोजमापांतून निघाला नाही आणि त्यांनी तो ओढूनताणून काढलाही नाही. त्या विनिमय-विद्यार्थिनी नव्हत्या; तथापि यजमानाची पद्धत शिकावी, पण त्याचे मत पत्करण्याचे बंधन मानू नये, हा परदेशी शिक्षणाचा उत्तम धडा त्यांच्या उदाहरणात आहे.

ह्या साऱ्या उदाहरणांतून यशस्वी विनिमयाच्या चार अटी स्पष्ट होतात. पहिली, निघण्यापूर्वी भाषेची थोडीतरी तयारी. दुसरी, समजून घेऊन ऐकणारा यजमान, मग ते कुटुंब असो की शिक्षक. तिसरी, परक्या ठिकाणी केलेले काम आणि सोबत आणलेले ज्ञान मोजले जाण्याची हमी. चौथी, परतण्याची निश्चिती, म्हणजेच आपली मूळ भाषा आणि आपले मूळ स्थान अबाधित आहे हा विश्वास. ह्या चारही अटी पाळल्या गेल्या तरी सुशिक्षित, प्रौढ, स्वखुशीने गेलेल्या विद्यार्थ्याला हिवाळी सत्र जड जाते.

(४)

आता अहेरीकडे वळू. जुन्या चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या जमीनदारीचे हे ठिकाण. आत्राम ह्या राजगोंड घराण्याची ही गादी. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि अहेरी त्यात आली. पश्चिमेला प्राणहिता वाहते आणि पलीकडे तेलंगण आहे. आलापल्लीचे सागवान प्रसिद्ध आहे. 'आलापल्ली', 'एटापल्ली' ह्या नावांतील 'पल्ली' हे पद गाव ह्या अर्थाचे आणि द्राविड कुळातील आहे, हे येथल्या भाषिक इतिहासाचे नकाशावरच उमटलेले चिन्ह होय.

अहेरीच्या बाजारात कमीत कमी चार भाषा कानांवर पडतात. शासनाची आणि शाळेची मराठी, तिच्याहून बरीच निराळी असलेली पूर्व विदर्भातील झाडीबोली, प्राणहितेच्या दोन्ही काठांवरील तेलुगू, आणि आतल्या जंगलातील गावांतून येणाऱ्यांची गोंडी, विशेषतः तिचे माडिया हे रूप. हिंदी ह्या सर्वांच्या मध्ये दुवा म्हणून वावरते. गोंडी आणि तेलुगू ह्या द्राविड कुळाच्या एकाच शाखेतील, परंतु एकीच्या भाषकाला दुसरी आपोआप समजत नाही. मराठी तर वेगळ्याच कुळातील. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात स्टेन कोनो ह्या नॉर्वेजियन पंडिताने गोंडीच्या अनेक बोलींचे वर्णन दिले. बरो आणि भट्टाचार्य ह्यांनी १९६० साली गोंडी बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या एकोणतीस लाखांहून अधिक नोंदली गेली. तरीही संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गोंडीला स्थान मिळालेले नाही.

भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील माडिया मूल सहाव्या-सातव्या वर्षी आश्रमशाळेत दाखल होते, तेव्हा ते देशाची सीमा ओलांडीत नाही. भाषेची मात्र ओलांडते. घरापासून दूर, वसतिगृहात, परक्या भाषेत आणि परक्या जेवणावर ते राहू लागते. विनिमय-विद्यार्थ्याची सारी बाह्य लक्षणे त्याच्या ठिकाणी आहेत. चार अटी मात्र लावून पाहिल्या, तर चित्र पालटते.

पूर्वतयारीची अट प्रथम घेऊ. जर्मनीला जाणाऱ्या पदवीधराला भाषेची प्राथमिक पातळी गाठण्यासाठी वर्ग, पुस्तके आणि परीक्षा उपलब्ध असतात. माडिया मुलाच्या पहिल्या दिवसाच्या पाठ्यपुस्तकात मात्र मराठी त्याला येत असल्याचे गृहीत धरलेले असते. वर वर्णिलेली तुलना येथे कोणी केली तर काय दिसेल? गोंडीच्या मूळ शब्दसंपत्तीत महाप्राण व्यंजने जवळजवळ नाहीत. म्हणून 'घर' आणि 'गर', 'भात' आणि 'बात' ह्यांतील फरक ऐकणे हेच ह्या मुलाचे पहिले काम आहे; तो फरक न ऐकताच त्याला 'घ' गिरवावयास लावणे म्हणजे पायाआधी भिंत बांधणे होय. गोंडीच्या लिंगव्यवस्थेत एकीकडे पुरुष आणि दुसरीकडे बाकीचे सर्व, म्हणजे स्त्रिया, जनावरे, झाडे आणि वस्तू, असे दोनच वर्ग आहेत. 'ती' आणि 'ते' ह्या दोहोंसाठी गोंडीत 'अद' हे एकच सर्वनाम चालते. 'तो डोंगर, ती नदी, ते झाड' ही त्रिविध विभागणी ह्या मुलाला प्रत्येक नामाबरोबर नव्याने पाठ करावी लागते. अशा मुलाने लिंगाची चूक केली तर ती त्याच्या मातृभाषेचा सुसंगत नियम पाळूनच केलेली असते. जर्मन वर्गात ह्याच चुकीला आंतरभाषा म्हणतात. मराठी वर्गात तिला बहुधा अडाणीपणा म्हटले जाते.

संख्यांचेही असेच आहे. तेलुगूत एकवीसला 'इरवै ओकटि' म्हणतात, म्हणजे आधी वीस आणि मग एक. अहेरी-सिरोंचाकडील तेलुगू घरातल्या मुलाला मराठीतील एकक-दशकाचा उलटा क्रम आणि त्यात 'एकोणतीस'सारखे वजाबाकीचे रूप एकदम गिळावे लागते. २०१९ साली 'बालभारती'च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असे पर्यायी अंकवाचन आले तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादात भाषाशुद्धीचा विचार पुष्कळ झाला. ज्यांच्या घरी मराठी नाही अशा मुलांचा विचार त्या मानाने फार थोडा झाला.

दुसरी अट यजमानाची. आश्रमशाळेतील शिक्षक कर्तव्यदक्ष असला तरी तो बहुधा बाहेरच्या जिल्ह्यातून आलेला आणि माडिया न जाणणारा असतो. बदली होण्याची शक्यता कायम असल्यामुळे ती शिकण्याचे प्रयोजनही त्याला वाटत नाही. परिणामतः वर्गात दोन परके एकमेकांसमोर उभे असतात. त्यांपैकी ज्याने दुसऱ्याची भाषा शिकावी अशी अपेक्षा असते, तो सहा वर्षांचा असतो.

तिसरी अट मोजणीची. माडिया मुलाजवळ वनस्पतींची, जनावरांच्या वागणुकीची, ऋतूंची आणि नातेव्यवस्थेची जी समृद्ध परिभाषा असते, तिला प्रगतिपुस्तकात रकाना नाही. त्याने आणलेले सर्व श्रेयांक जणू उंबरठ्यावरच रद्द होतात आणि त्याची मोजणी शून्यापासून सुरू होते.

चौथी अट परतीची. लिसगार्डच्या आलेखातील उतार लागताच जर्मनीतील विद्यार्थी घरी परततो. आश्रमशाळेतील मुलाला तो उतार पहिल्याच वर्षी लागतो आणि सुटीपुरते घरी जाऊन पुन्हा त्याच ठिकाणी परतावे लागते. शिवाय जिम कमिन्स ह्यांनी १९७९ पासून मांडलेला भेद येथे लक्षात घेतला पाहिजे. परभाषेत रोजचे बोलणे एक-दोन वर्षांत जमते. त्या भाषेत विचारपूर्वक शिकण्याइतके प्रभुत्व येण्यास मात्र पाच ते सात वर्षे लागू शकतात. माडिया मूल दुसरी-तिसरीत मराठी बोलू लागते, शिक्षकाला वाटते की भाषेचा प्रश्न सुटला. आणि त्यानंतर गणितात किंवा परिसर-अभ्यासात ते मागे पडले की दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो. वस्तुतः शिकण्याची मराठी त्याला सहावी-सातवीच्या सुमारास हाती येणार असते. तोपर्यंत पुष्कळ मुलांचा शाळेवरचा विश्वास उडालेला असतो.

(५)

ह्या तुलनेवर आक्षेप घेता येतील आणि त्यांचा विचार केला पाहिजे. लहान मुले परभाषा प्रौढांपेक्षा सहज शिकतात, हा पहिला आक्षेप. उच्चाराच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु सहज शिकण्यासाठी त्या भाषेत बोलणारे, खेळणारे आणि चूक सांभाळून घेणारे लोक भोवती असावे लागतात. ज्या वसतिगृहात सर्व मुले माडिया आणि केवळ गुरुजी मराठी, तेथे मराठीचा सहवास वर्गापुरताच, म्हणजे बर्लिनच्या हिवाळ्यासारखाच, मर्यादित राहतो. दुसरा आक्षेप असा की, माडिया आईबापांनाच मुलांनी मराठी शिकावी असे वाटते. तेही खरे आहे, आणि त्यांचे वाटणे रास्त आहे. दवाखाना, कचेरी, बाजार आणि नोकरी ह्यांसाठी मराठीवाचून चालत नाही. पण मराठी शिकविणे आणि मराठीतूनच सर्व काही शिकविणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. मातृभाषेचा आधार दिल्याने परभाषा मागे पडत नाही. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ सालच्या अहवालातच शिक्षणाचा आरंभ मातृभाषेतून व्हावा असे प्रतिपादन केले होते.

कायद्याची दिशाही तीच आहे. १९५६ साली संविधानात घातलेल्या ३५० अ ह्या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगितले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात, शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे, अशी तरतूद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने निदान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, हेच सुचविले आहे. 'शक्य तेथे' ह्या दोन शब्दांत सारी अडचण साठली आहे. आणि ती शक्यता निर्माण करणे हे काही अंशी विद्यापीठांचे काम आहे.

उलट दिशेच्या विनिमयाची उदाहरणे ह्याच जिल्ह्यात आहेत. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे ह्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे ह्यांनी तेथे स्थायिक होऊन माडिया आत्मसात केली. कारण रोग्याला काय होते आहे हे त्याच्या भाषेत कळल्याखेरीज औषध देता येत नाही. ज्याच्याजवळ विद्या अधिक त्याने दुसऱ्याची भाषा शिकण्याचा भार प्रथम उचलावा, हे तत्त्व तेथे कृतीत उतरले. १९७६ साली प्रकल्पाची शाळाही सुरू झाली. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या बळावर काढली. तिच्या शासनमान्यतेचा प्रश्न पुढे वादाचा झाला. परंतु अशा शाळेची गरज गावालाच वाटली, ही गोष्ट त्या वादाहून महत्त्वाची आहे.

ह्या पार्श्वभूमीवर एक व्यवहार्य सूचना विचारार्थ मांडता येते. गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. श्रेयांक एका संस्थेतून दुसरीत नेण्याची सोय २०२१ पासून आपल्या देशातही झाली आहे. मराठी आणि भाषाविज्ञान ह्या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक हिवाळी सत्र अहेरी परिसरात काढता यावे, तेथील काम पदवीत मोजले जावे आणि त्यापूर्वी त्यांना काही आठवडे माडिया शिकविली जावी. नद्यानाले पावसाळ्यात वाटा अडवितात, म्हणून हिवाळा हाच तेथील क्षेत्रकार्याचा स्वाभाविक काळ आहे. त्याच वेळी तेथील माडिया पदवीधर विद्यार्थ्याने पुण्या-मुंबईच्या विभागात एक सत्र यावे, ते केवळ शिकण्यासाठी नव्हे, तर माडिया शिकविण्यासाठीही, आणि त्या अध्यापनाचे मानधन त्याला मिळावे. एवढे झाले तरच त्या व्यवस्थेला विनिमय हे नाव शोभेल.

अशा सत्रातून कोणते काम निघावे हेही ठरविता येते. पहिलीच्या मुलांच्या मराठी बोलण्यातील चुकांचा नियमवार संग्रह. मराठी-माडिया ध्वनींची शिक्षकांना समजेल अशी तुलना. शाळेत पहिल्या तीन महिन्यांत लागणाऱ्या सूचना, प्रश्न आणि विनंत्या ह्यांची द्विभाषिक पुस्तिका. आणि मुलांजवळच्या परिसरज्ञानाचा त्यांच्याच शब्दांतील कोश. ह्यांपैकी एकही काम मोठ्या खर्चाचे नाही. प्रत्येकासाठी प्रशिक्षित कान, तीन-चार महिन्यांचा मुक्काम आणि गावातील जाणत्या माणसांचे शिष्यत्व एवढेच लागते.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला आपण जे देतो, त्याचा चौथा हिस्सा आश्रमशाळेतील मुलाला मिळाला तरी पुष्कळ साधेल. त्या मुलाला पहिल्या दिवशी त्याच्या भाषेत नाव विचारणारा एक शिक्षक भेटावा, आणि 'घ' म्हणता आला नाही म्हणून त्याला मागच्या बाकावर बसविले जाऊ नये, येथून आरंभ करता येईल.